चढ आणि उंची

दिवाळीच्या सुटीत अंगणाअंगणातून मुले किल्ले करतात, तेव्हा एक गोष्ट नेहमी पाहावयास मिळते. विटा रचून, त्यांवर गोणपाट टाकून आणि चिखल थापून डोंगर उभा राहिला, माथ्यावर महाराजांचे सिंहासन आले, उतारावर अळीव पेरून झाले, की शेवटी गडाची वाट काढावयाची वेळ येते. ही वाट बहुधा पायथ्यापासून महाद्वारापर्यंत नाकासमोर सरळ जाते. रांगोळीची एक पांढरी रेघ खाली सुरू होते आणि वर संपते. मातीचा मावळा त्या रेघेवर जेथे ठेवावा तेथे उभा राहतो. त्याला धाप लागत नाही, त्याचा पाय घसरत नाही. म्हणून वाट चुकली आहे हे मुलांना कोणी सांगत नाही, आणि ऐन सणात सांगूही नये.

परंतु त्याच अंगणात कोणी रुळांवरून धावणारी खेळण्यातली आगगाडी आणली आणि ती किल्ल्यावर चढवावयाची असे ठरविले, तर सारेच प्रकरण बदलते. मावळ्याचे चालणे कल्पनेतले असते. गाडीचे वजन मात्र खरे असते. रांगोळीच्या रेघेवर रूळ टाकले की इंजिन वीतभर जाते, त्याची चाके जागच्या जागी गरगरू लागतात आणि थोड्या वेळाने सगळी गाडी मागे येते. पृथ्वीचे आकर्षण, हे खेळणे आहे म्हणून, काही सवलत देत नाही.

मला येथे ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो खरे म्हणजे नीतीचा प्रश्न आहे. आपल्याहून लहान असलेल्या, दुबळ्या असलेल्या माणसाला उंचावर न्यावयाचे असेल, तर त्याच्या वाटेला चढ किती असावा, आणि तो कोणी ठरवावा? शाळेत शिकविणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न रोजच असतो. पण रोजचा प्रश्न रोजच्या जागी नीटसा दिसत नाही. तो पाहण्यासाठी थोडे बाजूला जावे लागते. मी वाचकांना एका छंदाच्या खोलीत नेणार आहे.

छोट्या प्रमाणातली रेल्वे उभारण्याचा छंद जगभर आहे, आणि तो आपल्याकडेही आहे. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. मुलांना घेऊन ते पाहून आलेले अनेक वाचक असतील. या छंदातले सर्वांत प्रचलित प्रमाण आहे सत्त्याऐंशीस एक. म्हणजे खरी गाडी सत्त्याऐंशीपट लहान करावयाची. दोन रुळांमधले अंतर मग साडेसोळा मिलिमीटर उरते, आणि तिकीट तपासनीस बोटाच्या दोन पेरांएवढाही राहत नाही.

या जगात सगळे लहान होते. डबे लहान होतात, पूल, सिग्नल, फलाटावरचे दिवे, खिडकीतले उतारू, सगळे लहान होतात. फक्त एक गोष्ट लहान होत नाही. ती म्हणजे चढ. चढ हे काही माप नव्हे, ते प्रमाण आहे. सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा खरा रूळ, आणि सदतीस सेंटिमीटरमागे एक सेंटिमीटर चढणारा खेळण्यातला रूळ, या दोहोंचा चढ एकच. मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट सर्वांत अवघड जागी सदतीसास एक असा चढतो. तो घाट सत्त्याऐंशीपट लहान करून एखाद्याने बसविला, तर घाट लहान होईल, पण त्याचा चढ सत्त्याऐंशीपट सौम्य होणार नाही. तो बोरघाटाचाच राहील. उलट, छोट्या जागेमुळे त्याची वळणे खऱ्यापेक्षा फार आवळावी लागतात, आणि चढावर वळण आले की चाके रुळाच्या कडेला घासून ओढ आणखी वाढते. लहान गाडीचा घाट हा मोठ्या गाडीच्या घाटाहून अवघडच असतो.

हे कळले तेव्हा मला प्रथम माझा वर्ग आठवला. आपण मोठी माणसे मुलांच्या अडचणींना किती सहज 'एवढ्याशा' म्हणतो! एवढीशी बेरीज, एवढीशी भीती, एवढेसे भांडण. मूल लहान, म्हणून त्याच्या वाटेचा चढही लहान असे आपण धरून चालतो. पण ज्याच्या अंगात बळ तेवढेच, त्याच्या पुढे वाट तेवढीच. आणि दोहोंमधले प्रमाण पाहिले तर सात वर्षांच्या मुलाची हातच्याची बेरीज ही सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या कर्जाच्या हप्त्याइतकी अवघड असू शकते. अडचणीची लांबीरुंदी मोजून तिचा चढ कळत नाही.

आता चढ म्हणजे काय जाच असतो, हेही पाहिले पाहिजे, कारण आम्हां वसई-विरारकडच्या लोकांना त्याची कल्पना थोडी कमीच. आमची लोकल विरारहून चर्चगेटला जाते ती समुद्रकाठच्या सपाटीवरून. गर्दीचा चढ सोडला तर दुसरा चढ तिला फारसा ठाऊक नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक इतके अलगद चालते की सपाटीवर एक टन वजन चालते ठेवण्यास थोड्याच किलोंचा जोर पुरतो. रेल्वेची सारी किमया यातच आहे. पण तोच रूळ शंभरास एक चढू लागला, जो चढ आपल्या डोळ्यांना धड दिसतही नाही, की दर टनामागे आणखी दहा किलोंचा जोर लागतो. सदतीसास एक चढावर आणखी सत्तावीस किलोंचा. जी वाट पाहणाऱ्याला जवळजवळ सपाट दिसते, तीच ओढणाऱ्याला कित्येक पटींनी जड होते. पाहणारा आणि ओढणारा यांच्यात इतके अंतर असते.

आमच्या सातिवलीत, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी, जेथे पूर्वी भातशेती होती तेथे आता कारखान्यांचे गाळे आहेत. अशाच एका गाळ्यात लेथवर काम करणारे एक गृहस्थ माझे शेजारी आहेत. त्यांनी आपल्या मुलीसाठी दहा फुटी खोलीत भिंतीला धरून अशी एक छोटी रेल्वे मांडली. मुलीची मागणी एकच होती: एक गाडी दुसऱ्या गाडीच्या डोक्यावरून पुलावरून गेली पाहिजे. खालची गाडी सुखरूप जावी म्हणून साडेसात सेंटिमीटर उंची आणि पुलाच्या फळीची जाडी धरून नऊ सेंटिमीटर चढणे भाग होते. जागा वाचावी म्हणून त्यांनी पहिल्यांदा तो चढ खोलीच्या एकाच भिंतीत, फार थोड्या लांबीत उरकला. इंजिन एकटे वर गेले. मागे चार डबे लावताच ते मध्येच थांबून चाके फिरवू लागले.

मुलगी म्हणाली, "बाबा, इंजिन दमलं."

ते म्हणाले, "इंजिन दमलं नाही गं, चढ चुकलाय."

मी शिक्षक म्हणून जी अनेक वाक्ये ऐकली आहेत, त्यांत हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. कारण आपण बहुतेक जण मुलीसारखे बोलतो. मूल मागे पडले की मूल दमले म्हणतो, मूल आळशी म्हणतो, त्याचे डोके चालत नाही म्हणतो. रूळ टाकणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. इंजिनाला तर रूळ निवडण्याची मुभाच नसते.

दुसऱ्या रविवारी त्यांनी चढ नव्याने बांधला. पन्नासास एक हे प्रमाण घेतले. नऊ सेंटिमीटर चढण्यास त्या हिशेबाने साडेचार मीटर लांबी लागते, आणि दहा फुटांची भिंत तीन मीटरांचीच. म्हणून वाट एका भिंतीवरून दुसरीवर वळवावी लागली. दर पंचवीस सेंटिमीटरवर एक लाकडी ठोकळा, आणि प्रत्येक ठोकळा आधीच्याहून अर्धा सेंटिमीटर उंच. दर ठोकळ्याला पाणसळ लावून पाहावयाचे. चढाच्या अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी त्यांनी प्लायवूडची पट्टी हलकेच वाकवून बसविली होती. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "गुरुजी, सपाट फळीला तिरकी फळी तशीच जोडली तर त्या कोनावर इंजिनचं चाक अधांतरी राहतं, नाहीतर डब्यांचे आकडे सुटतात. चढ तोच असला तरी सुरुवात अंगावर यायला नको."

आणि मग त्यांनी मला या छंदातली सर्वांत सुंदर युक्ती दाखविली. वरच्या गाडीनेच सगळे नऊ सेंटिमीटर चढले पाहिजे असे कोठे आहे? मूळची पाटी थोडी उचलून घ्यावी. वरचा रूळ साडेचार सेंटिमीटर चढवावा आणि त्याच वेळी खालचा रूळ साडेचार सेंटिमीटर उतरवावा. पुलाखाली अंतर नऊचेच राहते. पण चढणाऱ्याच्या वाटेची लांबी निम्मी पुरते, किंवा लांबी तेवढीच ठेवली तर चढ निम्मा होतो.

येथे माझ्या प्रश्नाचे उत्तर मला दिसू लागते. आपण दोन गोष्टींची गल्लत करतो: उंचीची आणि चढाची. मुलांसाठी वाट सोपी करा असे कोणी म्हटले, की लगेच ओरड होते की दर्जा घसरेल, परीक्षा फुकटच्या होतील, पिढी लेचीपेची निघेल. पण चढ कमी केल्याने उंची कमी होत नाही. पूल नऊ सेंटिमीटरवरच राहिला. गाडी तेथेच पोहोचली, आणि डब्यांसकट पोहोचली. कमी झाला तो चढ, आणि वाढली ती लांबी. उंची कमी करा असे म्हणणारा माणूस मुलाचा मित्र नव्हे. परंतु उंची राखावयाची म्हणून चढही तसाच राखला पाहिजे, असे म्हणणारा माणूस उंचीचाही मित्र नव्हे. कारण त्याच्या वाटेने वर फारसे कोणी पोहोचतच नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. चढानेच छाती तयार होते, हे खोटे थोडेच आहे? सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला चढाचा तिटकारा शोभत नाही. मला वाटते, येथे फरक केला पाहिजे तो चढ कोणी निवडला यावर. एखादा तरुण पहाटे उठून गडाची अवघड वाट मुद्दाम धरतो, तो त्याचा पराक्रम आहे. पण जो दुसऱ्यासाठी चढ निवडतो, त्याच्या हातून पराक्रम घडत नसतो. तो अधिकार चालवीत असतो, आणि अधिकाराला हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब सरासरीने देऊन भागत नाही. रेल्वेचे लोक एखाद्या मार्गावर गाडीचा भार ठरवितात, तो त्या मार्गाच्या सरासरी चढावरून ठरवीत नाहीत. सर्वांत कठीण टप्प्यावर इंजिन जेवढे ओढील तेवढाच भार धरतात. शंभर मैल सपाट आणि एक मैल दुर्घट असेल, तर सत्ता त्या एका मैलाची. मुलाचेही वर्ष एखाद्याच आठवड्यात बुडते.

आता बोरघाटाकडे पाहा. त्या घाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. एकंदर चढ १,८३१ फुटांचा, आणि त्यासाठी लांबी घेतली सुमारे पावणेसोळा मैलांची. सरासरीने सेहेचाळीस फुटांना एक फूट. ही लांबी डोंगराने सुखासुखी दिली नाही. पंचवीस बोगदे पोखरावे लागले, दऱ्यांवर आठ मोठे पूल घालावे लागले. एके ठिकाणी तर वळण घेण्याएवढीही जागा नव्हती. तेथे गाडी पुढे एका अडलेल्या फाट्यावर नेत, इंजिन दुसऱ्या टोकाला लावीत, आणि गाडी उलट तोंडाने वर निघे. १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत ही रीत चालू होती. वर जावयाचे म्हणून मागे वळणे यात त्या काळच्या इंजिनीयरांना काही कमीपणा वाटला नाही. एखादा धडा पुन्हा पहिल्यापासून घेण्यात आपल्याला मात्र फार कमीपणा वाटतो.

आणि सौम्य चढ फुकट मिळत नाही, हेही त्या घाटात दिसते. या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही, आणि काम पुरे करविले. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या डोंगरात राबत होते. पटकीने, तापाने, अपघाताने त्यांतले हजारो गेले. त्यांची नावे कोणत्याही बोगद्यावर नाहीत. आज कर्जतला गाडी थांबते, मागून रेटणारी इंजिने लागतात, तेवढ्यात आपण वडे घेतो, आणि मग खंडाळ्याची हिरवळ पाहत वर जातो. आपल्या वाटेचा चढ सोपा झाला तो कोणी तरी लांबी दिली म्हणून. जो आज वर पोहोचला आहे, त्याच्या वाटेखाली असे ठोकळे कोणी तरी रचलेले असतातच. मग तो आईबापांनी विकलेला दागिना असेल, थोरल्या बहिणीची सुटलेली शाळा असेल, वा एखाद्या शिक्षकाची संध्याकाळ असेल. आपण केवळ स्वतःच्या बळावर चढलो, असे म्हणणाऱ्याने एकदा आपल्या रुळाखाली वाकून पाहावे.

हे सारे मी दिवाळीच्या अंकात का लिहितो आहे? कारण आमच्या भागात दिवाळीला जोडूनच एक चढ सुरू होतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड इकडची कित्येक आदिवासी कुटुंबे दिवाळी आटोपली की वीटभट्ट्यांच्या कामासाठी वसई-भिवंडीकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत जातात. मुले त्यांच्याबरोबर येतात. पहिल्या सहामाहीत एका शाळेत बसलेले मूल दुसऱ्या सहामाहीत भट्टीवर विटा उलथीत असते. जूनमध्ये ते वर्गात परत येते, तेव्हा पुस्तक पुढे गेलेले असते. घरी वारली किंवा कातकरी बोली, फळ्यावर पुस्तकी मराठी. सपाट फळीला तिरकी फळी तशीच ठोकलेली. त्या कोनावर आकडे सुटतात. गाडी पुढे जाते, डबा मागे राहतो, आणि पटावर आपण त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतो.

हा कोन हलका करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात आमच्याच परिसरातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीजवळची मजुराची तात्पुरती खोप. मूल शाळेत चढून येईना, तेव्हा शाळाच मुलाच्या खोपीशी उतरून गेली. माझ्या शेजाऱ्याची ती युक्तीच ही: अर्धे त्याने चढावे, अर्धे आपण उतरावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, उशिरा आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसविताना बरोबरीला येण्यासाठी विशेष शिकवणीचा हक्क दिला आहे. चढाच्या सुरुवातीची वाकविलेली पट्टी ती हीच. कायद्याने पट्टी दिली. ती दर मुलाखाली पाणसळ लावून बसविण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते कोणा माणसालाच करावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. लांबी या शब्दाचा माणसांच्या व्यवहारातला अर्थ वेळ हाच आहे.

हे केवळ शाळेपुरते आहे असेही मला वाटत नाही. घरात नवी आलेली सून, शहरात नवा आलेला भाऊ, दुखण्यातून उठलेला म्हातारा, पहिल्या नोकरीवर लागलेला मुलगा, या सर्वांच्या वाटेचा चढ दुसरेच कोणी तरी ठरवीत असते. त्यांच्याकडून काय अपेक्षा धरावी याची चर्चा घरोघर होते. उंची किती, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. ती गाठण्यासाठी त्यांना लांबी किती दिली, आणि आपण स्वतः किती उतरलो, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

सुटी संपेल, शाळा उघडेल, आणि पहिल्या हजेरीला काही जागा रिकाम्या असतील. ती मुले फार दूर गेलेली नसतात. कधी कधी तर महामार्गाच्या पलीकडे भट्टीचा धूर दिसत असतो, तेथेच ती असतात. ती इकडे येण्याची वाट पाहणे हा एक मार्ग आहे. तिकडे अर्धे अंतर चालून जाणे हा दुसरा आहे, आणि तोही चढाचा नाही.